‘ते’ आणि ‘कुणाचं’ : नारायण धारप ह्यांच्या भयकथेची भाषा

नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील क्वचितच एखादे फिरते वाचनालय असे असेल, की ज्याच्या कपाटात त्यांची पाने सुटलेली, पुठ्ठा बदललेली पुस्तके नव्हती. तथापि आमच्या विद्यापीठीय अभ्यासाने त्यांच्याकडे पाहण्याचे बहुधा टाळलेच. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका समितीपुढे हा विषय मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी हसून विचारले, की ह्यात भाषेचा अभ्यास करण्यासारखे काय आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी नीट देता आले नाही. ते देण्याचा येथे यत्न आहे.

आरंभी एक खासगी आठवण सांगणे अपरिहार्य आहे, कारण ह्या लेखाचा मूळ प्रश्न आमचा नव्हे, तो आमच्या आजीचा आहे. वैराग येथील (तालुका बार्शी) आमच्या घरी वीज गेली की कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचन करण्याची प्रथा होती. आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु ऐकण्याची भूक दांडगी. पोथी संपली म्हणजे तिला काहीही चाले. शाळकरी वयात आम्ही वाचनालयातून धारपांच्या ‘अनोळखी दिशा’ ह्या संग्रहाचा एक खंड आणला आणि त्यातील एक कथा तिला वाचून दाखविली. वाचताना आमचा आवाज कापत होता. ती मात्र शांतपणे ऐकत राहिली, आणि कथा संपल्यावर तिने एवढेच विचारले, “आरं, पर ते कुणाचं भूत म्हनायचं?”

कथेत ह्याचे उत्तर नव्हते. आजीच्या लेखी त्यामुळे कथा अपुरी होती. आमच्या लेखी, त्या वयात, ती त्यामुळेच भयंकर होती.

भूत ह्या शब्दाला षष्ठीची अपेक्षा असते, ही गोष्ट व्याकरणात कोठे नोंदलेली नसली तरी खेड्यातील प्रत्येकास ठाऊक असते. पाऊस कुणाचा नसतो, अंधार कुणाचा नसतो. भूत मात्र कुणाचे तरी असते. मराठीत भुतांची जी विशेषनामे आहेत ती ह्या षष्ठीचीच उत्तरे होत. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वी वारलेला मुलगा. त्याचे ठिकाण पिंपळ. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. समंध म्हणजे ज्याचा जीव धनात वा घरात अडकला असा मनुष्य. खवीस ह्या शब्दाचे मूळ अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट ह्या शब्दात आहे, आणि लोकसमजुतीत त्याची जात व धर्मही सांगितला जातो. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ही नावे भेटतात. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांनी शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुतींची टिपणे जमविली होती. १९०९ मध्ये त्यांचा वध झाला. त्यांच्या मागे एन्थोवेन ह्यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली. त्यांतील कोकणच्या खंडात भुतांची वर्गवारी वाचताना आपण जणू जनगणनेचे कोष्टक वाचीत आहो असे वाटते. जात, लिंग, वय, विवाह झाला की नाही, मृत्यू कसा आला, हे सारे तीत आहे. आमच्याकडे ह्यांत लावसट, चकवा, आणि विहिरीवरच्या साती आसरा ह्यांची भर पडते.

अशा कथेत भय असते, परंतु त्या भयाच्या तळाशी देणे असते. मेलेल्याचे काही राहिले आहे. ते द्यावे, म्हणजे तो वाट सोडील. पिंपळाची मुंज लावणे, उतारा टाकणे, श्राद्ध घालणे हे सर्व देणे फेडण्याचे प्रकार आहेत. हडळीच्या प्रत्येक गोष्टीमागे एखादी सून असते, जिची बाळंतपणात हेळसांड झाली. गोष्ट सांगणाऱ्या बाया हे नाव न घेता एकमेकींना सांगत असतात.

लोककथेचे दुसरे भाषिक चिन्ह म्हणजे ‘म्हणे’. “त्या चिंचेवर लावसट हाय म्हनं.” हा ‘म्हणे’ क्रियापद राहिलेला नाही, त्याला कर्ता नाही, काळ नाही. वाक्याच्या शेवटी येऊन तो इतकेच सांगतो, की ही माहिती माझी नव्हे, ऐकीव आहे. सोलापूर जिल्ह्यात ज्या तीन भाषा शेजारी नांदतात त्या तिन्हींत अशी सोय आहे, ही लक्षात घेण्यासारखी बाब होय. कन्नडात ‘अंते’, तेलुगूत ‘अट’, मराठीत ‘म्हणे’. बाजारात तिन्ही भाषांतून एकच अफवा फिरते ती ह्याच प्रत्ययांच्या खांद्यावरून. इंग्रजीत ह्यासाठी आख्खे वाक्य खर्ची घालावे लागते. ‘म्हणे’मुळे सांगणारा सुरक्षित राहतो आणि भूत गावाच्या सामायिक मालकीचे होते. कोणी ते पाहिलेले नसते. सर्वांना ते ठाऊक असते.

धारपांनी ह्या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. त्यांच्या कथेतील निवेदक बहुतांशी शिकलेला, नोकरीव्यवसाय करणारा, संशयी वृत्तीचा गृहस्थ असतो. तो ऐकीव सांगत नाही. पाहिलेले सांगतो, आणि पाहिलेले सांगताना स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवितो. तेथे ‘म्हणे’ला जागा उरत नाही. आणि जे येते ते कुणाचे नसते. ते जुने असते, मानवापूर्वीचे असते, दुसऱ्या मितीतून, ‘अनोळखी दिशे’ने येते. त्याला मृत्यूचा इतिहास नाही, म्हणून जातही नाही. अपवाद आहेतच, ‘चेटकीण’, ‘काळी जोगीण’ ही शीर्षके लोकपरंपरेच्या शब्दसंग्रहातूनच उचललेली आहेत. परंतु लेखनाचा एकंदर कल पाहता हेच त्यांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

ह्याची तुलना इंग्लंडमधील भूतकथेशी करून पाहणे उद्बोधक ठरेल. एम. आर. जेम्स (१८६२–१९३६) हे हस्तलिखितांचे थोर अभ्यासक. नाताळच्या रात्री मित्रांना वाचून दाखविण्यासाठी ते भूतकथा लिहीत. त्यांचा ‘घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वरी’ हा पहिला संग्रह १९०४ चा. त्यांच्या एका प्रसिद्ध कथेत एका प्राध्यापकाला जुन्या अवशेषांत एक शिट्टी सापडते. तिच्यावर कोरलेला लॅटिन मजकूर असा प्रश्न करतो की हा येणारा कोण. प्राध्यापक शिट्टी वाजवितो. काहीतरी येते. तो प्रश्न मात्र अखेरपर्यंत अनुत्तरितच राहतो. आमच्या आजीने जेम्सलाही तेच विचारले असते. परंतु इंग्रजी लेखकाला एक सोय आहे. त्या भाषेत सजीवाला, विशेषतः चालत्या आकृतीला, ‘इट’ म्हटले की तेवढ्यानेच अंगावर शहारा येतो; कारण नपुंसकलिंगी सर्वनाम तेथे प्रायः निर्जीवासाठी राखलेले आहे.

मराठीत तसे नाही. मराठीने संस्कृतातील तिन्ही लिंगे टिकवून धरली, हिंदीने नपुंसकलिंग सोडले, हे आपण वर्गात शिकवितो. परंतु मराठी नपुंसकलिंगाचा स्वभाव कसा आहे हे क्वचितच सांगतो. ते घरगुती आहे. लेकरू, वासरू, पिल्लू, मूल, पाखरू, कोकरू! जे लहान, जे मायेचे, त्याला आपण ‘ते’ म्हणतो. ‘ते झोपलंय’ हे वाक्य ऐकल्यावर मराठी माणूस आवाज खाली करतो तो भीतीने नव्हे. तेव्हा इंग्रजी ‘इट’चे सरळ ‘ते’ केले की भय आपोआप उतरेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. मराठी भयलेखकाला घरातल्याच शब्दाला हळूहळू परके करावे लागते. धारपांचे कसब, आमच्या मते, नेमके येथे आहे. त्यांची भीती पाळण्याजवळ, जिन्याखाली, माजघरात उभी राहते, आणि तिच्यासाठी तेच सर्वनाम वापरले जाते, जे पाळण्यातल्या जीवासाठी वापरतात.

ह्या कसबाचा सर्वांत लखलखीत नमुना म्हणजे ‘लुचाई’ हे एक नाव. ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग ह्यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) वर आधारलेली आहे हे सर्वश्रुत आहे. आणि किंग ह्यांनीही आपल्यापुढे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’चा (१८९७) आदर्श होता हे मोकळेपणाने सांगितले आहे. धारपांवर उसनवारीचा जो आक्षेप घेतला जातो, तो येथे सर्वाधिक लागू पडावा. प्रसंगांच्या पातळीवर तो बऱ्याच अंशी खराही आहे, आणि ऋण पुस्तकावर ठळकपणे नोंदविण्याची शिस्त मराठी प्रकाशनव्यवहाराने पाळली असती तर बरे झाले असते. परंतु शब्दाच्या पातळीवर पाहा. रक्त पिणाऱ्या मृताची कल्पना मराठीत कशी आणावी? ‘पिशाच’ म्हणावे तर ते फार ढोबळ. इंग्रजी शब्द ठेवावा तर तो चित्रपटी. ‘लुचणे’ हे क्रियापद शेतकऱ्याच्या घरात रोजचे आहे. वासरू गाईला लुचते. तान्हे आईला लुचते. त्याला ‘आई’ हे पद लागले. मरीआई, यमाई, तुकाई ही आमच्या शिवाशिवारांतील ग्रामदेवतांची नावे ह्याच घडणीची आहेत. आईने पाजावे आणि लेकराने लुचावे हा सृष्टीचा क्रम. येथे आईच लुचते. ही फोड आम्ही सुचवीत आहो. परंतु मराठी कानाला ती सुचविण्याची गरज पडू नये. रक्तशोषक मृताचे ह्याहून मराठी रूप आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. ‘इक्माई’ हे त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नावही त्याच साच्यातले. मात्र तेथे पहिल्या पदाला असा अर्थ चिकटत नाही आणि नाव त्या मानाने फिके पडते.

किंग ह्यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीचे, १९८६ च्या ‘इट’चे, मराठी रूप धारपांनी केले. मूळ शीर्षक म्हणजे केवळ ते नपुंसकलिंगी सर्वनाम. मराठीत ‘ते’ हा शब्द हाताशी होता. धारपांनी शीर्षक दिले ‘शपथ’. मूळ कथेत मुले मोठेपणी पुन्हा एकत्र येण्याची प्रतिज्ञा करतात. तिच्यावर त्यांनी बोट ठेवले. राक्षसाऐवजी माणसांनी एकमेकांना बांधून घेतलेला शब्द पुढे आणला. देणे मृताचे नसले तरी ते येथे मित्राचे मित्राला आहे. आजीचा प्रश्न त्यांनी एका बाजूने काढून टाकला होता. तो दुसऱ्या बाजूने परत आला असे म्हणता येईल.

आता ‘समर्थ’. धारपांनी कृष्णचंद्र, जयदेव असे आणखीही नायक निर्माण केले. परंतु वाचकाच्या मनात घर केले ते समर्थांनी. अनिष्ट शक्तींशी झुंजणारा हा ज्ञानी पुरुष, आणि त्याच्या हकिकती नोंदविणारे अप्पा जोशी, अशी ही योजना. इंग्रजी वाङ्मयात ह्या घराण्याची परंपरा जुनी आहे. शेरिडन ल फॅनू ह्यांचा डॉ. हेसेलियस (१८७२), अल्जर्नन ब्लॅकवुड ह्यांचा डॉ. जॉन सायलेन्स (१९०८), विल्यम होप हॉजसन ह्यांचा कार्नाकी (१९१३) हे त्याच जातीचे. त्यांतील पहिले दोघे वैद्य आहेत. धारपांचा नायक वैद्य नाही. त्याचे नाव हीच एक पदवी आहे, आणि महाराष्ट्रात, त्यातून अक्कलकोट ज्या जिल्ह्यात आहे त्या सोलापुरात, ‘समर्थ’ हा शब्द उच्चारल्यावर श्रोता कोणता भाव मनात आणतो हे सांगावयास नको. शिक्षणाने विज्ञानाकडून आलेला, ‘नेनचिम’, ‘गोग्रामचा चितार’ अशा विज्ञानकल्पित कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक भयकथेत मात्र उपायासाठी प्रयोगशाळेकडे न जाता संतपरंपरेच्या शब्दाकडे वळला.

येथे एक भाषिक चमत्कार घडतो आणि तो आजवर कोणी नोंदविल्याचे आमच्या वाचनात नाही. समर्थांचा उल्लेख आदरार्थी अनेकवचनात होतो. समर्थ आले, समर्थ म्हणाले; सर्वनाम ‘ते’. आणि ज्याच्याशी ते झुंजतात त्याचेही सर्वनाम ‘ते’. “ते दाराशी उभे होते” हे वाक्य घ्या. (वाक्य आमचे आहे.) दाराशी तारणारा उभा आहे की गिळणारा, हे वाक्य सांगत नाही, सर्वनाम एक, विशेषण एक, क्रियापदही एक. बोलताना अडचण येत नाही. वैरागचा कोणीही ‘ते हुबं हुतं’ आणि ‘ते हुबे हुते’ ह्यांत गल्लत करणार नाही. जुन्या लेखनपद्धतीतही ती नव्हती. ‘तें उभें होतें’ असे शिरोबिंदू देऊन नपुंसकलिंगी एकवचन वेगळे दाखविले जाई. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि छापील मराठीत देव व पिशाच ह्यांच्यामधील तो एक ठिपका पुसला गेला. धारपांचे वाचक ज्या छापील मराठीत वाढले ती ही ठिपका गेलेली मराठी. आजीला वाचून दाखविताना अशी वाक्ये आली की जिभेला निवड करावी लागे. पुढचे वाक्य डोळ्यांनी आधी चाटून घेतल्याखेरीज ती करता येत नसे. मुकाट वाचणाऱ्याला निवड करावी लागत नाही. तो क्षणभर दोन्ही अर्थ एकाच वेळी धरून असतो. भयकथेला ह्याहून अधिक काय हवे?

दुर्दैवाने समर्थकथांनी ह्या संधीचा पुरेसा उपयोग केला नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. ह्या कथा सुरुवातीच्या पानांत, जेथे घरातील एखादी वस्तू किंचित जागा बदललेली असते आणि कोणी बोलत नसते, तेथे उत्तम आहेत. पुढे समर्थांना पाचारण होते आणि साऱ्याचा निकाल ठरून जातो. अनिष्ट कुणाचे नसल्यामुळे त्याचे काही मागणे नाही. मागणे नसल्यामुळे तडजोड नाही, दया नाही, लाज नाही. उरते ती शक्तीविरुद्ध शक्ती. मग भाषा विशेषणांवर विशेषणे रचू लागते. अघोरी, अमानुष, पाशवी हे शब्द ज्या पानावर दोनदोनदा येतात त्या पानावर भीती उरत नाही. लोककथेतील मुंजा पिंपळाच्या पारावर बसून फक्त एवढेच म्हणे की मला भूक लागली आहे, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवे. ते भुकेले होते, कारण कुणाचे तरी होते.

म्हणजे जमाखर्च असा. जातीच्या कोष्टकातून भूत सुटले हा लाभ लहान नव्हे. सदनिकेत राहणाऱ्या, गावाचा पिंपळ कधी न पाहिलेल्या मराठी माणसालाही भिता येऊ लागले; ‘४४० चंदनवाडी’ ह्यासारखे नुसत्या पत्त्याचे शीर्षक ह्याच नव्या वाचकासाठी आहे. पण त्याबरोबरच बाळंतपणात मेलेली ती सूनही कथेबाहेर गेली. तिची बाजू मांडणारे दुसरे कोणी तोवर तयार झाले नव्हते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या गूढकथेने भय माणसाच्या मनात शोधले आणि अपराध पुन्हा कथेत आणला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. धारपांचे मोठेपण मतकरींच्या मापाने मोजू नये. मनाच्या आत पाहणे हा त्यांचा प्रांतच नव्हता. अवकाशात, घराच्या रचनेत, शब्दाच्या पोटात भय कोठे दडते हे त्यांना अचूक कळे.

त्यांच्या पश्चात पुस्तकांना पुन्हा वाचक मिळाला. साकेत प्रकाशनाने ती नव्याने छापली. २०१८ मध्ये ‘ग्रहण’ ह्या कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका आली. आणि त्याच वर्षी ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. ह्या चित्रपटाची वंशावळ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी. किंग ह्यांची ‘ग्रॅमा’ ही कथा; तिच्यावरून धारपांची ‘आजी’; ती एका मित्राने दिग्दर्शक राही अनिल बर्वे ह्यांना तोंडी ऐकविली; त्यातून पुढे चित्रपट, आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ह्या कादंबरीवरून. पुस्तकातून काढलेला ‘म्हणे’ असा मधल्या दाराने परत आला. आणि चित्रपटात काय झाले ते पाहा. तेथील राक्षसी शक्तीला आई आहे, भूक आहे, हव्यास आहे. आणि तिच्या पायी एका ब्राह्मण घराण्याच्या लोभाचा हिशेब पिढ्यानपिढ्या चुकता होतो. षष्ठी पुन्हा जागेवर आली.

गेल्या उन्हाळ्यात बार्शीहून वैरागला येणाऱ्या एस. टी.त शेजारच्या बाकावरील दोन मुले बोलत होती. एकजण दुसऱ्याला एका वाड्याची हकिकत सांगत होता. चार वाक्यांतच ती धारपांची कथा आहे हे ध्यानात आले. लहानपणी कंदिलाशी वाचलेलीच. मुलाने पुस्तक वाचले असेल असे वाटले नाही. कोठे ऐकलीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, मामाच्या गावात घडलीय. वाडा आता मामाच्या गावाबाहेर होता, ओढ्याच्या अलीकडे. निवेदक सद्गृहस्थ नाहीसे झाले होते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘म्हनं’ येत होता. आणि माळ्यावर जे होते ते आता वाड्यातल्या धाकट्या सुनेचे होते, जिला माहेरी धाडले नव्हते.

“ते कुणाचं भूत?” हे मात्र त्याला विचारावे लागले नाही.